भाऊसाहेबांचा कोट बदामी होता

संपादकांचं पोस्टकार्ड आलं, की दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याबद्दल लिहा. मला पहिला प्रश्न पडला, काहून? पांढुर्ण्यात माझं दुकान चांगलं चालू होतं तेव्हा कोणी काही विचारलं नाही. आता दुकान बंद झालं, बायको गेली, हात कापतो, आणि आता म्हणे लिहा. मी चौथी पास आहे. त्यातही गुर्जींची मेहरबानी किती आणि माझी अक्कल किती, ते गुर्जीच जाणोत. पण मला एक गोष्ट छापून आणायची आहे. म्हणून लिहून राहिलो. संपादकांनी ती कापू नये.

माझा धंदा फोटोत रंग भरायचा. फोटो काढतही होतो, पण ते काम कोणीही करतो, खटका दाबला की झालं. रंग भरणं वेगळं. आजच्या पोट्ट्यांना समजणार नाही, त्यांचे फोटो रंगीतच निघतात. आमच्या वेळी फोटो काळा-पांढरा. तो मोठा करायचा, चमक नसलेल्या कागदावर. मग काडीला कापूस गुंडाळायचा, रंगाच्या शिशीत बुडवायचा, पिळायचा आणि गालापासून सुरुवात करायची. गाल, मग ओठ, मग कपाळ, कपडे शेवटी. रंग पातळ पाहिजे, खालच्या सावल्या दिसल्या पाहिजेत. जाड लावला की माणूस भिंतीवरचं चित्र होतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागेल. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल लुगडं आणि हिरवं लुगडं एकच दिसतं. दोन्ही राखेसारखी. फोटो पाहून रंग कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. म्हणून गिऱ्हाइकाला विचारावं लागतं. आणि गिऱ्हाईक खोटं बोलतं.

सगळेच बोलतात, मी कोणाला दोष देत नाही. तिगावची एक बाई आली. तिचा मालक रेल्वेत पटरीच्या कामावर होता, तो वारला. दहा जणांच्या फोटोत नखाएवढं त्याचं तोंड. म्हणे, मोठा करा आणि कोट घाला.

मी म्हटलं, "तुह्या मालकानं कोट घातला होता काय कधी?"

"नाही घातला म्हणून तं पायजे," ती म्हणाली. "घातला असता तं तुमाले कायले सांगतलं असतं?"

ती बौद्ध घरातली होती, तिला कोट निळाच पाहिजे होता. मी निळा कोट घालून दिला. बाईनं फोटो हातात घेतला आणि रस्त्यावरच रडली. त्या कोटात तिचा मालक तिलाच ओळखू आला नसेल, असं मला आजही वाटतं.

दुसरे दोन भाऊ होते, शेतकरी. बापाचा एकच फोटो. मोठा म्हणे बाप गोरा होता. धाकटा म्हणे, माह्यासारखा काळा होता, माय सांगत होती. दुकानात कॉलर धरायची पाळी आली. मी दोन फोटो करून दिले. अजून त्यांची घरं लागून आहेत. एका घरी गोरा बाप, एका घरी काळा, आणि दोघांनाही हार.

तर रंग म्हणजे घरच्यांच्या मनात असते ते. खरं काय होतं, ते फोटोत नसतं आणि रंगातही नसतं. या धंद्यानं मला हेच शिकवलं. लग्नाच्या पत्रिकेवरचा हसरा चेहरा पाहिला तरी मी आधी गालाची कड तपासतो.

आता भाऊसाहेब. हे सौंसरच्या एका जिनाचे मालक. कापसाची सरकी वेगळी करून गाठी बांधायचा कारखाना, त्याला आमच्याकडे जिन म्हणतात. इकडचं अर्धं गाव कधी ना कधी जिनात कामाला गेलेलं आहे. भाऊसाहेब म्हातारे होऊन वारले, आणि त्यांच्या मुलानं तिथल्या एका शाळेला हॉल बांधून दिला. हॉलात बापाचा मोठा रंगीत फोटो लावायचा होता. मुलगा माझ्या दुकानात आला. हातातला फोटो लढाईच्या काळातला, म्हणजे जर्मनीची मोठी लढाई चालू होती तेव्हाचा. भाऊसाहेब जिनाच्या दारात उभे, अंगात कोट, डोकं उघडं.

मी नेमाप्रमाणे विचारलं, "कोट कोणत्या रंगाचा?"

"पांढरा करा. खादीसारखा दिसला पायजे. आणि चेहरा थोडा हसरा करता येईल काय?"

करता येतो. ओठाच्या कोपऱ्याखालची सावली थोडी पुसायची, डोळ्याखाली गुलाबी हात फिरवायचा, आणि डोळ्याच्या बुबुळात पांढरा ठिपका द्यायचा, टाचणीच्या टोकाएवढा. त्या ठिपक्यानं माणूस दयाळू दिसतो. फक्त ठिपक्यानं. मी तो ठिपका आयुष्यात किती जणांना दिला असेल, आणि त्यातले किती दयाळू होते, देव जाणे.

काम घरी नेलं होतं, कारण घरी सकाळचा उजेड चांगला यायचा. माझी बायको वेणू भाकरी टाकून आली, हाताला पीठ. उभी राहून पाहात राहिली. ती कधी माझ्या कामात बोलत नव्हती.

"कोट पांढरा नव्हता," ती म्हणाली.

"तुले काय मालूम?"

"बदामी होता."

एवढं बोलून चुलीकडे गेली. मी हसलो. म्हटलं, आता घरातही गिऱ्हाईक झालं. एवढंच ध्यानात होतं की वेणूचं माहेर सौंसरजवळचं रामाकोना, आणि लढाईच्या काळात तिची माय सौंसरच्या कुठल्याशा जिनात होती. कोणत्या, ते मी कधी विचारलं नव्हतं.

फोटो फ्रेम होऊन तयार झाला तेव्हाच त्या शाळेतले इतिहासाचे गुर्जी दुकानात आले. बोरकर गुर्जी, तरुण माणूस. मला वाटलं फोटो न्यायला आले. तर म्हणाले, "काकाजी, शनिवारी तुमीच फोटो घेऊन या. तुमच्याशी एक काम आहे. जाणकार माणूस पायजे."

मला जाणकार कोणी म्हटलं की मी खिसा धरतो. विचारलं, काय काम?

त्यांच्या कोणा नातेवाइकानं नागपूरहून एक व्हिडिओ कॅसेट दिली होती. जर्मनीच्या त्या हुकूमशहाची फिल्म. आखूड मिशीवाला, नाव सगळ्यांना ठाऊक आहे, मी लिहीत नाही. अर्धी फिल्म काळी-पांढरी, आपण नेहमी पाहतो तशी, फौजा, जळलेली गावं, तारेच्या मागं हाडं झालेली माणसं. आणि अर्धी रंगीत. त्यात तो आपल्या घराच्या गच्चीवर, डोंगर, कुत्रा, पाहुणे. तीच वर्षं, तोच माणूस.

"पोट्ट्यांले दाखवली," गुर्जी म्हणाले. "तं पोट्टे काय म्हणतात मालूम आहे? पयले तो काळा-पांढरा होता तवा वाईट होता, मंग रंगीत झाला, म्हणजे सुधारला."

मी हसलो. गुर्जी हसले नाहीत.

"आमचे दुसरे एक गुर्जी म्हणतात, हा रंग मागून भरलेला आहे, परदेशात मशीन निघाली आहे म्हणे. तुमी पाहून सांगा. भरलेला रंग तुमाले कळतो न?"

कळतो. आणि मी तिथंच ठरवून टाकलं की रंग भरलेलाच आहे. त्या माणसाचे गाल गुलाबी आणि आभाळ निळं, असं होऊच शकत नाही. कोणीतरी माझ्यासारखा बसला असेल तिकडे काडीला कापूस गुंडाळून, आणि घरच्यांनी सांगितलं असेल, जरा हसरा करा.

शनिवारी निघालो. वेणू म्हणाली, मीही येतो, रंगीत टीव्ही पाहाचा आहे. जामसांवलीपर्यंत बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, सगळे हनुमानाला चाललेले. वेणूला बसायला मिळालं, म्हणून भाऊसाहेब तिच्या मांडीवर. वर्तमानपत्रात गुंडाळलेले. ती दोन्ही हातांनी फ्रेम धरून बसली होती, आणि सारा रस्ता खिडकीबाहेर पाहात होती.

शाळा सकाळची होती, सुटली होती. एका वर्गात टीव्ही मांडलेला. भाऊसाहेबांचा मुलगा फोटो ताब्यात घ्यायला आलेला, तोही मागच्या बाकावर बसला. गुर्जींनी कॅसेट लावली. मी अगदी पुढं, पडद्यापासून हातभर, चष्मा पुसून.

आता माझी पारख सांगतो. भरलेला रंग चार ठिकाणी पकडता येतो. सगळ्यांचे गाल एकाच शिशीतले असतात. केसांच्या कडेला रंग सांडलेला असतो. सावली राखेचीच राहते, तिला रंग नसतो. आणि सगळ्यात पक्की गोष्ट, भरलेल्या रंगात एका वस्तूचा रंग दुसरीवर पडत नाही. खऱ्या जगात पडतो. लाल पदर घेतला की हनुवटी खालून लाल दिसते. आम्ही तो कधी भरत नव्हतो, कोणाला एवढा वेळ आहे?

फिल्ममध्ये गच्ची आली. मागं डोंगर, वर आभाळ, आपल्याकडे कार्तिकात असतं तसं धुतलेलं निळं. कुंड्यांत फुलं. तो आला, साधा कोट, माणसांशी बोलतो आहे, हसतो आहे. मी गाल पाहिले. प्रत्येकाचा लाल वेगळा. एकाचं नाक थंडीनं लाल झालेलं. कडा पाहिल्या, कुठं सांडलेलं नाही. कान पाहिले. उन्हाकडे पाठ केली की त्याचे कान मागून लाल दिसत होते, रक्त असलेल्या माणसाचे दिसतात तसे. तरीही मी हटलो नाही. म्हटलं, कारागीर चांगला असेल.

मग एक लहान पोट्टी आली, लाल फ्रॉकातली. तो वाकला, तिच्या हनुवटीखाली हात नेला. आणि फ्रॉकाचा लाल त्याच्या तळहातावर पडला.

मी चष्मा काढून खाली ठेवला.

"काय काकाजी?" गुर्जींनी विचारलं.

"खरा आहे," मी म्हटलं. "कोणी भरला नाही. असाच होता तो."

मला राग आला, कोणाचा ते कळेना. एवढी वर्षं तो माणूस माझ्या डोक्यात राखेचा होता. राखेचा होता म्हणून बरा होता. फार जुना, फार दूरचा, आपल्यासारखं रक्त नसलेला. आता त्याच्या कानातून ऊन जाताना पाहिलं. मी विचारलं, "हे काढलं कोणी?"

"त्याच्याच घरच्या बाईनं," गुर्जी म्हणाले.

तर असं. घरच्याच माणसानं आणलेला फोटो. माझ्या दुकानात येतो तसाच. रंग खरा आणि तरी खोटा, हे मला नवीन होतं.

मग वेणू बोलली. मागून, बाकावरून, सगळ्यांसमोर. "गुर्जी, याच्यात फाटक कुठं आहे?"

"कोणतं फाटक, काकू?"

"घर आहे, गच्ची आहे, कुत्रा आहे. फाटक नाही दिसून राहिलं. बाहेर कोणी बसलं असन न."

गुर्जींना काही समजलं नाही. भाऊसाहेबांचा मुलगा हसला. वेणू उठून व्हरांड्यात गेली, फ्रेम तशीच छातीशी धरून. मी मागं गेलो.

"काय झालं व तुले?"

तिनं भाऊसाहेबांच्या फ्रेमवर हात ठेवून सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा सांगितलं.

"मी अकरा-बारा वर्साची होती. लढाईसाठी गाठी टाइमावर पायजे म्हणून यानं जिनाच्या फाटकाले कुलूप लावाचं काढलं. काम संपल्याबिगर एक बाई बाहेर नाही. पयले दुपारी बाया लेकरं पाजाले बाहेर येत जाय, ते बंद. माय अंदर. माहा भाऊ सोमा आठ महिन्याचा, माह्या मांडीवर, फाटकाबाहेर. अंग भट्टीसारखं तापलं होतं त्याचं. मी फाटक वाजवलं. हा आला. बदामी कोट, पितळेचे बटनं, नखं गुलाबी. संत्रं सोलून राहिला होता. म्हणे, काहून रडते व हा? म्हटलं, मालक, मायले सोडा. त्यानं माह्या डोक्यावर हात ठेवला. सोमाच्या गालाले बोट लावलं. हसला. अर्धं संत्रं मले देलं सळईतून. अन् गेला अंदर. कुलूप तसंच."

"मंग?"

"मंग काय. खाल्लं मी." ती फ्रेमकडे पाहात होती. "गोड होतं."

तीच पुढं बोलली.

"दिवस बुडाच्या अगोदर सोमा गेला. मायचं दूध अंदर लुगड्यात मुरून राहिलं होतं. चाळीस वर्सं मी याले राक्षस समजाचं म्हणतो, जमत नाही. संत्रं आठवते." मग म्हणाली, "अवो, याले वापस न्या. कोट बदामी करा. तेवढंच करा. तोंड नोका बिघडवू, हसत होता तो. होता तसा करा."

तेवढ्यात मुलगा बाहेर आला. "झालं काय? आना इकडे."

आता इथं माझी गोष्ट आहे, दुसऱ्या कोणाची नाही. वेणू माझ्याकडे पाहात होती. मला फक्त म्हणायचं होतं, जरा रंग चुकला आहे, आठ दिवसांनी आणून देतो. कोणी मारलं नसतं. धंद्यात रंग चुकतातच. मी ते म्हटलं नाही. मी म्हटलं, "वेणू, गिऱ्हाईक सांगते तोच रंग असते." आणि तिच्या हातातून फ्रेम घेऊन त्याला दिली. तिनं धरून ठेवली नाही. सोडली.

मुलानं कागद फाडून पाहिलं. म्हणाला, "वा. देवमाणूस दिसून राहिले."

परतीच्या बसमध्ये जागा होती. वेणूच्या मांडीवर काही नव्हतं, तरी हात तसेच, फ्रेम धरल्यासारखे. जामसांवली गेल्यावर बोलली.

"मी मेल्यावर माह्या फोटोले रंग लावू नोका."

"असं कायले बोलतं?"

"तुमी लावान. गाल गुलाबी करान. मले मालूम आहे तुमचे हात."

ती भांडली नाही, अबोला धरला नाही. भाकरी वेळेवर वाढली. पण त्यानंतर दुकानाची पायरी चढली नाही, आणि मी घरी काम आणलं तर त्या बाजूला पाहिलं नाही. तशी आणखी चार वर्षं गेली. मग छातीचं दुखणं निघालं आणि मागच्या वर्षीच्या थंडीत ती गेली.

तेरवी झाल्यावर मी सौंसरला गेलो. हेडमास्तरांना म्हटलं, फोटोला ओल धरली आहे, साफ करावं लागेल. ओल धरली नव्हती. त्यांनी शिपायाला सांगून उतरवून दिला. घरी आणला. दुकान बंद करून शिश्या एका डब्यात भरल्या होत्या, तो डबा काढला. बदामी रंग शिशीत मिळत नाही, करावा लागतो. पिवळा, त्यात तपकिरी, थोडा लाल. हात कापत होता, तीन दिवस लागले. बटनं पितळेची केली. नखं गुलाबी. हसू तसंच ठेवलं आणि डोळ्यातला ठिपकाही तसाच ठेवला. ठिपक्यावर कापूस नेला होता, पण तिनं सांगितलं होतं, तोंड नका बिघडवू. आयुष्यात पहिल्यांदा असा रंग भरला जो कोणीतरी डोळ्यानं पाहिला होता.

तो फोटो आता हॉलात आहे. बोरकर गुर्जी खाली उभे राहून बराच वेळ पाहात होते.

"काकाजी, कोट पांढरा होता न?"

"जुनं झालं की पिवळं पडते, गुर्जी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. "बटनंही पिवळी पडली," म्हणाले आणि वर्गात गेले. ते कोणाला बोलले की नाही, मला माहीत नाही. मला त्यांचाही भरोसा नाही. म्हणून मीच लिहून टाकलं. भाऊसाहेबांच्या मुलानं हा अंक वाचला तर त्यानं खुशाल घरी यावं. मी कुठं जात नाही. फक्त येताना आपल्या आईला विचारून यावं, कोट कोणत्या रंगाचा होता.

आता राहिला वेणूचा फोटो. एका दिवाळीला दुकानात उगाच बसवून काढला होता, एकच आहे. समोरच्या भिंतीवर आहे, काळा-पांढरा. येणारे विचारतात, रंगवाल्याच्या घरी बायकोच रंगाबिगर कशी? मी सांगतो, तिनं नाही म्हटलं होतं. ते खरंच आहे.

पण सगळं खरं नाही. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी तिची पेटी उघडली. त्यात तीन लुगडी आहेत, एक लाल, एक हिरवं, एक जांभळं. काठ तिन्हीचा सारखा. फोटोतलं यातलंच एक. एकेक काढून फोटोला लावून पाहिलं, खिडकीत नेऊन पाहिलं. फोटोत राखच आहे. तिला त्या माणसाच्या कोटाचा रंग चाळीस वर्षं आठवला. फोटो मी काढला, मी तिच्या समोर उभा होतो, काचेतून तिलाच पाहात होतो, की नुसता उजेड पाहात होतो कोण जाणे. तिनं हो म्हटलं असतं, तरी मी कोणती शिशी उघडली असती, मला ठाऊक नाही.